मिनी डाळ मिल टाकायची? आधी वाळवणीची जागा मोजा

प्रश्न थोडक्यात असा. यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या एका गावात सहा एकर कोरडवाहू शेती, गावठाणात ३० बाय २० फुटांची टिनाची शेड आणि हाताशी चार लाख रुपये आहेत. तुरीची मिनी डाळ मिल टाकायचा विचार आहे. मशीनवाल्याने ग्रेडर, तेल लावायचे यंत्र आणि पॅकिंग मशीन धरून सहा लाखांचे कोटेशन दिले आहे. "३५ टक्के सबसिडी आहे, आठ तासांत आठ क्विंटल निघते, दीड वर्षात पैसा मोकळा," असे तो सांगतो. घ्यावी का?

धंदा चुकीचा नाही. तूर दारात पिकते, मागणी बारमाही आहे आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने गावपातळीसाठी बनवलेली पीकेव्ही मिनी डाळ मिल विदर्भात बरीच वर्षे चालते आहे. पण कोटेशनमधला "आठ तासांत आठ क्विंटल" हा आकडा मशीनपुरता खरा आणि तुमच्यापुरता खोटा आहे. मशीन ताशी क्विंटलाच्या आसपास भरडते, हे बरोबर. अडते ते वाळवणीच्या जागेवर आणि तूर घ्यायच्या पैशावर, आणि या दोन्हींचा कोटेशनमध्ये उल्लेख नसतो.

जागेपासून सुरू करू. तूर हरभऱ्यासारखी सरळ भरडली जात नाही. तिच्या टरफलाखाली डिंकासारखा थर असतो आणि तो टरफलाला डाळीशी घट्ट धरून ठेवतो. हा थर तेल, पाणी आणि ऊन यांनी सैल केल्याशिवाय मशीनमध्ये घातली तर टरफल निघत नाही. दाब वाढवला तर टरफलाबरोबर डाळही खरवडली जाते. म्हणून क्रम असा ठेवायचा. तूर चाळून काडीकचरा, माती, खडे काढा आणि दाण्याचे किमान दोन आकार वेगळे करा. मग मशीनमधून हलक्या दाबाने एक फेरा द्या. या फेऱ्यात डाळ करायची नाही, टरफलावर फक्त ओरखडे पाडायचे. ओरखडे पडलेल्या तुरीला क्विंटलामागे ३०० ते ५०० ग्रॅम खाद्यतेल चोळा (आपल्याकडे जवसाचे चालते), ढीग करून रात्रभर झाकून ठेवा आणि दोन दिवस उन्हात पसरा. त्यानंतर क्विंटलामागे तीन ते पाच लिटर पाणी शिंपडून पुन्हा रात्रभर ढीग, पुन्हा एक-दोन दिवस ऊन, आणि मग भरडाई. भरडताना दाण्यात ओल ९-१० टक्क्यांच्या घरात असावी.

म्हणजे एक घाणा (एका वेळी तयार करायचा माल) जमिनीवर साधारण चार दिवस पडून असतो. एक क्विंटल तूर अडीच सेंटिमीटर थराने पसरली तर अंदाजे पाच चौरस मीटर जागा व्यापते. रोज आठ क्विंटल भरडायची तर चार दिवसांची ३२ क्विंटल तूर एकाच वेळी उन्हात हवी; तिला १६० चौरस मीटर, म्हणजे सतराशे चौरस फूट लागतात. तुमची शेड सहाशे फुटांची आणि तीही छपराखालची. घराचा स्लॅब आणि अंगण मिळून हजार फूट उन्हाची जागा निघत असेल तर तुमची खरी क्षमता रोजची चार-पाच क्विंटल आहे, मशीनवर काहीही लिहिलेले असो. आधी टेप घेऊन ही जागा मोजा. शेजारच्याचा स्लॅब भाड्याने मिळतो का, तेही विचारून ठेवा. थर जाड करून जागा वाचवायचा मोह होतो, पण मग वरची तूर वाळते, खालची ओली राहते आणि त्या ओल्या दाण्यांचा भरडताना गोटा, म्हणजे टरफल निघालेला पण न फुटलेला दाणा, निघतो.

ऊन फेब्रुवारी ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आपले. मृग लागला की पसरलेली तूर उचलायची धावपळ सुरू. ड्रायर घेऊन पावसाळ्यात चालवता येईल, पण पहिल्या वर्षी त्यात पडू नका. जळणाचा खर्च उन्हाशी कधीच बरोबरी करत नाही. एप्रिल-मे मध्ये उलटा धोका असतो. पारा ४३-४४ वर गेला की तूर दोन दिवसांऐवजी एका दिवसात वाळते, आणि जास्त वाळली तर दाणा ठिसूळ होऊन खंडा, म्हणजे तुटकी डाळ, वाढतो. त्या दिवसांत दुपारी दोनच्या सुमारास मूठभर दाणे दाताखाली धरून पाहायचे. टचकन तुटला तर ठीक. भुगा झाला तर लगेच गोळा करून ताडपत्रीखाली घाला.

आता पैशाचा भाग. नवीन माणसाची मिल बंद पडते ती बहुधा इथे.

प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना २०२०-२१ मध्ये सुरू झाली. तिच्यात पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, कर्जाशी जोडलेले अनुदान मिळते. स्वतःचे किमान १० टक्के घालावे लागतात. योजनेची मुदत वाढवून २०२५-२६ पर्यंत नेली होती, त्यामुळे कोटेशनला हो म्हणण्याआधी अर्जाचे पोर्टल चालू आहे का ते आधी पाहा. सहा लाखांच्या कोटेशनवर अनुदान २ लाख १० हजार, तुमचे ६० हजार, बँकेचे कर्ज ५ लाख ४० हजार. मशीनवाला "तुम्हाला ३ लाख ९० हजारांतच पडली" असा हिशेब सांगतो. पण अनुदान तुमच्या हातात येत नाही. ते बँकेकडे वेगळ्या खात्यात तीन वर्षे राहते आणि कर्ज नियमित असेल, युनिट चालू असेल, तरच कर्जात वळते होते. ते जमा झाल्यावर तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, हा फायदा खरा. पण जमा होईपर्यंत? ११ टक्के आणि पाच वर्षे धरली तर ५ लाख ४० हजारांचा हप्ता महिन्याला ११,७०० च्या आसपास बसतो. अनुदान वजा जाता उरणाऱ्या ३ लाख ३० हजारांचा ७,२०० च्या आसपास. सुरुवातीचे काही महिने मोठा हप्ताच भरावा लागेल, असे धरून चला.

मग चार लाखांतून काय उरते ते बघा. ६० हजार बँकेकडे. विजेचे कनेक्शन, वायरिंग, काँक्रीटचे अंगण, ताडपत्र्या, काटा, कट्टे यांना ८० हजार धरले. चार हप्त्यांचे ४७ हजार बाजूला ठेवले. उरले २ लाख १३ हजार. खाली येणाऱ्या हिशेबाप्रमाणे एका क्विंटलची तूर घेऊन डाळ पॅक होईपर्यंत ७,८८० रुपये लागतात. म्हणजे तुमच्याकडे २७ क्विंटलचा पैसा आहे. मशीनवाल्याच्या वेगाने तो साडेतीन दिवसांत संपतो. त्यानंतर डाळ विकून पैसे येईपर्यंत सहा लाखांचे मशीन गप्प, आणि हप्ता मात्र दर महिन्याला दारात.

पैसा फिरून यायला किती दिवस लागतात तेही मोजा. तूर घेतली, पाच-सहा दिवस वाळवण-भरडाई, दोन-तीन दिवस निवड आणि पॅकिंग, मग किराणा दुकानदाराची महिनाभराची उधारी. चाळीस दिवस सहज जातात. फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत पैसा तीनदा फिरेल. २७ क्विंटलचे तीन फेरे म्हणजे हंगामात ८१ क्विंटल. पहिल्या वर्षाचा खरा अंदाज हाच.

या ८१ क्विंटलवर काय सुटेल? पुढचे भाव हिशेबासाठी धरलेले आहेत, तुमच्या दिवसाचे भाव त्या जागी टाका. तूर ७,००० रुपये क्विंटल. आणणावळ-हमाली १५०, चाळणी-वाळवण-निवडीची मजुरी २५०, तेल ८०, वीज ५०, रोलर-चाळण्यांची झीज ५०, एक किलोच्या पिशव्या आणि लेबल ३००. झाले ७,८८०. उतारा असा धरू: चांगली डाळ ६२ किलो, खंडा ८ किलो, चुनी (भरडताना पडणारा चुरा) १० किलो, टरफल १२ किलो, बाकीचे आठ किलो मातेरे आणि उडालेली ओल. खंडा ७० रुपयांनी, चुनी २५ नी, टरफल १० नी गेले तर त्या तिघांचे मिळून ९३० रुपये. डाळ ११० रुपये किलोने गेली तर ६,८२०. बेरीज ७,७५०, म्हणजे क्विंटलला १३० रुपये अंगावर. डाळ १२० ने गेली तर ८,३७०, म्हणजे ४९० सुटले. १३० ने गेली तर १,११० सुटले.

यातून दोन गोष्टी दिसतात. विक्रीचा भाव एक रुपयाने हलला की क्विंटलमागे ६२ रुपये हलतात. म्हणून दुकानदाराला ठोक भावात देणे आणि घरोघर किलोने देणे यांत धंदा चालण्या-न चालण्याइतका फरक आहे. दुसरी उताऱ्याची. पाच किलो डाळ चुनीत गेली तर १२० आणि २५ मधला फरक गुणिले पाच, म्हणजे ४७५ रुपये गेले. जवळजवळ अख्खा नफा. मोठ्या मिलशी भावात तुम्ही लढू शकत नाही, तुमचा नफा भरडणाऱ्याच्या हातात आहे.

तो हात बसेपर्यंत स्वतःची तूर भरडू नका, असा माझा सरळ सल्ला आहे. पहिला हंगाम मजुरीने भरडा. गावातले, शेजारच्या चार खेड्यांतले शेतकरी घरच्या खाण्यासाठी पन्नास किलो, क्विंटल, दोन क्विंटल तूर काढून ठेवतातच. किलोला ७ रुपये मजुरी धरली तर क्विंटलला ७००. मजूर, तेल, वीज, झीज मिळून ४३० गेले, २७० उरले. शंभर क्विंटल मजुरीचे झाले तर २७ हजार, म्हणजे लहान हप्ता धरला तरी जेमतेम चार हप्ते. पोट भरत नाही, मान्य. पण तुरीत तुमचा एक रुपया अडकत नाही आणि शंभर क्विंटलांवर हात बसतो. चुनी-टरफल कोणाचे, हे तूर उतरवून घेतानाच ठरवा. गुरे असलेला शेतकरी ते परत मागतो आणि भांडण बहुधा तिथेच होते.

मजुरीच्या हंगामात एक वही ठेवा. दर घाण्याला तारीख, तुरीचा वाण, आलेले वजन, चाळल्यावरचे वजन, तेल, पाणी, वाळवणीचे दिवस, निघालेली डाळ, खंडा, चुनी, टरफल. वजने बारदाना वजा करूनच लिहा. तीस-चाळीस घाण्यांनंतर वही तुम्हाला सांगायला लागते. सगळे धरून डाळ आणि खंडा मिळून क्विंटलला सत्तर किलोच्या वर जात असेल तर मशीन आणि हात दोन्ही ठीक. पासष्टवर अडकत असेल तर दोष शोधायचा.

दोष शोधताना निघालेला माल बघा, मशीन नंतर. गोटा जास्त असेल तर ओल जास्त राहिली किंवा दाब कमी आहे. टरफलाचे तुकडे डाळीला चिकटलेले दिसले तर तेल-पाण्याच्या रात्री कमी पडल्या, दाब वाढवून ते निघणार नाहीत. डाळीच्या कडा झिजलेल्या आणि चुनी पिठासारखी येत असेल तर दाब जास्त आहे. एकाच घाण्यात काही दाणे सालासकट आणि काही भुगा, असे दोन्ही दिसले तर आकार वेगळे केलेले नाहीत. बारीक दाणा रोलर आणि जाळीच्या फटीतून तसाच निसटतो आणि जाड दाणा दळला जातो. वाण मिसळले की हेच होते. बीडीएन ७११ सारखी पांढरी तूर आणि बीएसएमआर ७३६ सारखी लाल तूर एका घाण्यात कधी घालू नका. टरफल किती सुटते आणि ओल किती धरते, यात दोघींत फरक पडतो, आणि पांढऱ्या डाळीत लाल टरफलाचा एक तुकडा राहिला तरी गिऱ्हाईक पिशवी उलटी करून बघते.

सगळे बरोबर असून हळूहळू उतारा घसरत असेल तर एमरी रोलर (टरफल खरवडणारा खरखरीत रोलर) गुळगुळीत झाला आहे. हाताने चोळून पाहा, बोटाला धार लागली पाहिजे. रोलरवर पुन्हा एमरी चढवून घ्यायची सोय कुठे आहे, किती दिवस लागतात, हे मशीन घेण्याआधी विचारा. अमरावती-अकोल्यात जे दोन दिवसांत होते ते दूरच्या कंपनीकडून महिन्यावर जाते, आणि तुमचा हंगामच चार महिन्यांचा आहे. कोटेशनवर शेवटची रक्कम बघण्याआधी हे बघा.

त्या सहा लाखांच्या कोटेशनमधून पहिल्या वर्षी दोन वस्तू वगळा. तेल लावायचे यंत्र रोज चार-पाच क्विंटलला लागत नाही, दोन माणसे फरशीवर फावड्याने उलथेपालथे करून तेल एकसारखे चोळतात. पॅकिंग मशीन मुळीच नको. पिशवी तोंडाशी बंद करणारे साधे बँड सीलर आणि चांगला इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. ग्रेडर मात्र ठेवा, आकार वेगळे करण्यावर सगळा उतारा उभा आहे. वाचलेल्या रकमेइतकी बँकेकडे खेळत्या भांडवलाची, म्हणजे तूर घ्यायच्या पैशाची, मर्यादा मागा. अनुदान मशीनवर असते, तुरीवर नसते. पण कर्जाचा अर्ज करतानाच दोन्ही मागितले तर बँक दोन्हींचा विचार एकत्र करते. मशीनचे कर्ज मंजूर झाल्यावर सहा महिन्यांनी तुरीसाठी पैसे मागायला गेलात तर व्यवस्थापक आधीचे हप्ते बघतो.

अर्जासाठी जिल्ह्यात योजनेचे संसाधन व्यक्ती नेमलेले असतात. प्रकल्प अहवाल आणि अर्ज करून देणे हे त्यांचे काम आहे आणि त्याचे मानधन सरकार देते. "प्रकरण मंजूर करून देतो, पाच टक्के द्या" म्हणणारा कोणीही दुसराच माणूस असतो. वडिलांच्या नावावरचे पीककर्ज थकीत असेल आणि तेच जामीनदार असतील तर तो गुंता आधी सोडवा. प्रकरणे मागे येण्याचे हे नेहमीचे कारण आहे. घरात आई किंवा पत्नी उमेदच्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) बचत गटात असेल तर अन्नप्रक्रिया करणाऱ्या सदस्याला याच योजनेतून ४० हजार रुपयांपर्यंत बीज भांडवल गटामार्फत मिळू शकते. ते खेळत्या भांडवलासाठी आणि लहानसहान अवजारांसाठी आहे आणि पाच क्विंटल तुरीला पुरते.

वीज. शेतातल्या पंपाच्या कनेक्शनवर मिल चालवू नका. गावात चार जण चालवत असले तरी नको. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली हा अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी लागू दराच्या दुपटीने होते. कधीपासून वापर झाला हे ठरवता आले नाही तर मागचे बारा महिने धरले जातात. एका बिलात वर्षाचा नफा जातो. गावठाणात महावितरणकडे उद्योगाचे कनेक्शन मागा आणि अर्ज तुरीच्या आधी, नोव्हेंबरमध्येच करा. संध्याकाळी गावठाणात विजेचा दाब उतरतो. कमी विजेवर मोटर गरम होते, रोलरचा वेग पडतो आणि भरडाईचा दाब तोच ठेवला तरी गोटा वाढतो. भरडाई सकाळी सहा ते अकरा ठेवली तर हा प्रश्न बहुतेक सुटतो, आणि दुपारचे ऊन वाळवणीला मोकळे राहते.

कागदपत्रे फार नाहीत. उद्यम नोंदणी (लहान उद्योगाची सरकारी नोंद) आधारवर ऑनलाइन आणि पूर्ण फुकट होते. तिचा खरा उपयोग वसुलीला आहे: सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचा माल घेणाऱ्याने लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. गावच्या दुकानदाराला कायदा दाखवून चालणार नाही, पण शहरातल्या मोठ्या दुकानाला बिलावर उद्यम क्रमांक छापून दिलात की उधारीची भाषा बदलते. अन्नसुरक्षेची नोंदणी स्वतःचा माल विकण्याआधी हवी. वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असेल तर मूळ नियमांत १०० रुपये वार्षिक फीची साधी नोंदणी आणि त्यावर राज्य परवाना. मर्यादा बदलत असतात, अर्ज भरताना पोर्टलवर पाहून घ्या. ग्रामपंचायतीची नाहरकत आणि शेडचा नमुना आठचा उतारा बँकही मागते, तो आधीच काढा.

किलोच्या पिशवीत भरून विकायचे ठरवले की वैधमापन शास्त्र विभागाकडे पॅकर म्हणून नोंदणी करावी लागते. पिशवीवर पॅक करणाऱ्याचे नाव-पत्ता, मालाचे नाव, निव्वळ वजन, पॅकिंगचा महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत, तक्रारीसाठी फोन, बॅच, अन्नसुरक्षा क्रमांक आणि शाकाहारी हिरवे चिन्ह पाहिजे. काट्यावर दरवर्षी शिक्का मारून घ्या. २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पिशवीतल्या डाळीवर ५ टक्के जीएसटी आहे. सुट्या डाळीवर आणि ३० किलोच्या कट्ट्यावर नाही. महाराष्ट्रातच विकत असाल तर वस्तूंसाठी नोंदणीची मर्यादा ४० लाख आहे, म्हणजे पहिली एक-दोन वर्षे तुम्हाला लागणार नाही. मात्र करपात्र पिशव्या हैदराबादला किंवा रायपूरला पाठवल्या की ही मर्यादा कामाची नाही, पहिल्या पिशवीपासून नोंदणी लागते.

डाळीला पिवळा रंग देऊ नका, कोणी कितीही "फटका दिसत नाही" (फटका म्हणजे पॉलिश केलेली चकचकीत डाळ) म्हणो. मेटॅनिल येलो हा कापडाचा रंग आहे, खाण्यात बंदी आहे. तुमची डाळ मोठ्या मिलच्या फटका डाळीइतकी चकचकीत दिसणारच नाही, आणि तेच तुमचे गिऱ्हाईक शोधते. विनापॉलिश डाळ थोडी मळकट दिसते. पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेल्या आपल्या भागातल्या लोकांना ती चव माहीत असते. पहिली विक्री तिथे करा. तालुक्याच्या किराणा दुकानात तुमची डाळ दुकानदाराला मोठ्या मिलच्या भावाशी तोलून बघायची सवय असते आणि तिथे तुम्ही ११० वर अडकता.

तूर कधी घ्यायची? आवक जानेवारी ते मार्च जोरात असते. ताजी तूर ओली असते. हमीभाव खरेदीत ओलीची मर्यादा १२ टक्के आहे, तोच माप धरून ओलावामापकावर बघून घ्या. १४ टक्क्यांची तूर घेतली तर दोन किलो पाण्याचे १४० रुपये दिलेत, शिवाय वाळवणीचा एक दिवस वाढला. शेतकऱ्याच्या घरातून घेणार असाल तर थेट खरेदीच्या परवान्याचे बाजार समितीत विचारा आणि चुकारा रोख, त्याच दिवशी द्या. गावात पुढच्या वर्षीची तूर या एका गोष्टीवर मिळते.

भाव चढेल म्हणून तूर साठवून बसू नका. २०२३ आणि २०२४ मध्ये तुरीवर केंद्राने साठामर्यादा लावली होती आणि मोझांबिक, म्यानमारहून येणारी आयात शुल्कमुक्त ठेवली होती. दिल्लीतल्या एका अधिसूचनेने क्विंटलचा भाव हजाराने हलतो आणि तुमच्याकडे तो सोसायला पैसा नाही. भावाची वाट बघायचीच असेल तर घरची सहा एकरांतली तूर बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत ठेवा. शेतकऱ्याला मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत सहा टक्के व्याजाने सहा महिने कर्ज मिळते. ही योजना शेतकऱ्याच्या स्वतःच्या मालासाठी आहे, विकत घेतलेली तूर त्यात बसत नाही.

साठवायची वेळ आलीच तर अख्खी तूर ठेवण्यापेक्षा डाळ करून ठेवा. भुंगा शेंगेतूनच दाण्यावर अंडी घेऊन येतो आणि अख्ख्या दाण्यात वाढतो. फुटलेल्या डाळीत त्याची वाढ फारशी होत नाही. डाळ दहा टक्क्यांखाली वाळवून हवाबंद पिशव्यांत, भिंतीपासून हातभर लांब, लाकडी फळ्यांवर रचा. अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या धुरीच्या गोळ्या राहत्या घराला लागून असलेल्या शेडमध्ये कदापि वापरू नका. त्या प्रशिक्षित माणसानेच वापरायच्या असतात. त्यांच्या वायूने बंद खोलीत झोपलेली माणसे मरतात.

मशीन फक्त तुरीवर ठेवायचे नाही. मार्चपासून हरभरा येतो, त्याची डाळ करायला तेलाच्या रात्री लागत नाहीत, थोडे पाणी आणि ऊन पुरते, म्हणून जागाही लवकर मोकळी होते. सप्टेंबरात मूग-उडीद. या सगळ्याला जोड म्हणून मिरची-हळद आणि बेसनाची चक्की त्याच कनेक्शनवर चालते, पण मिरचीची चक्की वेगळ्या खोलीत ठेवा. डाळीला एकदा तिखटाचा वास लागला की ती परत येते.

आता प्रत्यक्ष सुरुवात. नोव्हेंबर ते जानेवारी हे तीन महिने एक रुपयाचे मशीन न घेता वापरा. अकोल्याच्या विद्यापीठातल्या कृषी प्रक्रिया अभियांत्रिकीच्या लोकांना किंवा यवतमाळच्या कृषी विज्ञान केंद्राला भेटा आणि चालू मिल बघायला मागा. जिथे मशीन तीन हंगाम जुने आहे तीच मिल बघा, नवी नको. तिथे घरची दोन क्विंटल तूर मजुरीने भरडून घ्या, शेजारी उभे राहून वही भरा. सव्वाशे-एकशेतीस किलो डाळ निघेल. ती किलोने पन्नास घरांत १२५ च्या भावाने द्या, उधार नाही. एक महिना थांबा. त्यातली वीस घरे आपणहून पुन्हा मागायला आली तर जानेवारीत लहान कोटेशनवर बँकेत जा. पाच-सहाच आली तर डाळीत काय खटकले ते उरलेल्यांना विचारा. "शिजायला वेळ लागतो" म्हणाले तर तूर जुनी होती. "खडा लागला" म्हणाले तर निवड कच्ची होती. "महाग पडते" असे बहुतेकांचे उत्तर आले, तर यंदा मशीन राहू द्या आणि आधी पुणे-नागपूरची दहा घरे शोधा.